संघूला हिरवं पाहिजे

तेजश्री : चहा नंतर, आबा. आधी मला सांगा, दौंडला संघू शीला बसायचा कसा?

आबा : कसा म्हंजी? पोरं बसत्यात तसा बसायचा.

तेजश्री : कुठं?

आबा : मोरीत. कवा अंगणात. अगं, मला घोटभर पाणी तरी दे. शिरूरच्या स्टँडवरनं उभ्यानं आलोय.

तेजश्री : घ्या. अन् रोज व्हायची?

आबा : रोज. सकाळच्या पारी एकदा, मोकळाढाकळा. तू उगं घाबरतीस. अडीच वरसाचं पोर हाय, हागंल की.

तेजश्री : आज तिसरा दिवस आहे, आबा. पोटाला हात लावून बघा त्याच्या. टणक झालंय. लागली की भिंतीला पाठ लावून उभा राहतो, पायात पाय आवळतो, लालबुंद होतो. बसवायला गेलं की किंचाळतो. मग कळ जिरते अन् परत खेळायला लागतो. दिवसभर हेच चाललंय.

आबा : डाक्टर काय म्हनला?

तेजश्री : शिरूरला दाखवलं. पोटात काही नाही म्हणाले, पोरगं डोक्यातनं धरून ठेवतंय. पातळ औषध दिलंय. उद्या सकाळपर्यंत नाही झाली तर घेऊन या, खालनं पिचकारी मारू म्हणाले.

आबा : एवढ्याशा जिवाला पिचकारी?

तेजश्री : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. वर्षभर तुमच्याजवळ होता, तिथं हागत होता. माझ्याकडं आणला तशी अडायला लागली, अन् आता पार बंद. मी काय केलं त्याला, तेच मला कळत नाही. ओरडले नाही, मारलं नाही. पोराला आई लाभत नाही, असं असतं का कुठं?

आबा : खुळी का काय! पान्याचा फरक असंल. कारेगावचं पाणी म्हंजी काय, निम्मं कंपन्यांचं.

तेजश्री : उकळून देते.

आबा : मग ह्यो जो सांगाडा उभा केलाय कोपऱ्यात, त्येला भ्यालं असंल. काय हाय त्ये?

तेजश्री : खुर्ची आहे, शीची. ह्यांनी बनवलीय.

आबा : लोखंडाची?

तेजश्री : अँगलची. वर प्लायवूड, मधे भोक, खाली डबा. पाबळला हेच काम शिकलेत ना हे. घरात काही लागलं की ह्यांना आधी वेल्डिंगच आठवतं.

आबा : पोर बसवायचंय का ट्रॅक्टर?

तेजश्री : हळू बोला. रात्रपाळी करून आलेत, पडद्यामागं झोपलेत. अन् हसू नका. दोन दिवस खपले त्या खुर्चीवर.

आबा : बरं, पन असला पोपटी रंग कशाला दिला?

तेजश्री : तेच तर! हिरवं हिरवं म्हणून ओरडतो. लागली की एकच शब्द, "हिलवं." फोनवर किती वेळा विचारलं तुम्हाला, आबा, हिरवं म्हणजे काय मागतो हा? तुम्ही म्हणालात, काय की बाई.

आबा : व्हय. म्हनलो असंल.

तेजश्री : मला आधी वाटलं, भाजी. पालक शिजवून घातला, तर माझ्या तोंडावर थुंकला. मग शेजारच्या अनसाबाई म्हणाल्या, कुणीतरी हिरव्या लुगड्यातली बाई बघून गेली असंल, मीठमोहऱ्या ओवाळ. म्हटलं, आमच्यात असलं काही करत नाहीत. पाळणाघरात कृपाताईंनी प्लास्टिकचा हिरवा बेडूक दिला हातात. तो त्यानं खिडकीतनं बाहेर फेकला. मग ह्यांनी खुर्ची रंगवली.

आबा : मग बसला?

तेजश्री : धरून बसवला. रंग वाळला नव्हता. बूड हिरवं झालं पोराचं, अन् रॉकेलनं पुसायचं म्हटलं तर कातडी सोलायची भीती. तसाच नेला. कृपाताईंनी चड्डी बदलायला काढली अन् मला थेट कंपनीत लाईनवर फोन. "तेजश्री, याला काहीतरी झालंय, ताबडतोब ये." मला काय सांगावं तेच कळेना.

आबा : पार माकड केलं की पोराचं.

तेजश्री : हसा तुम्ही. कृपाताई नाही हसल्या. म्हणाल्या, डायपर बदलेन, चड्ड्या धुवेन, त्याची मला किळस नाही. पण पोट धरून तळमळणारं पोर मी ठेवणार नाही. काही झालं तर मी काय तोंड दाखवू? त्याचं मोकळं होऊ दे, मग आण. उद्या माझी पहिली पाळी आहे, आबा. सुट्ट्या सगळ्या ह्याच्यातच गेल्या. लीडर म्हणाला, उद्या मशीनवर दिसली नाहीस तर गेटवर पोरी उभ्याच आहेत.

आबा : मग एवढा कशाला घोर लावून घ्यायचा? मी नेतो त्येला. तुझी आई आता वॉकर धरून मोरीपतूर जाती. आजच्या आज नेतो.

तेजश्री : नाही.

आबा : कायमचा न्हाई गं. चार दिस.

तेजश्री : मागं पण चारच दिवसांसाठी नेला होता. वर्ष झालं. सुट्टीच्या दिवशी यायचे मी तिथं, तेव्हा एकदा मला बघून आईच्या पदरात लपला. "आजी, ती बाई आली," म्हणाला. तुम्ही सगळे हसलात. मी पण हसले. परत येताना न्हावऱ्यापर्यंत गाडीत डोळे पुसत होते. आत्ता कुठं तो रात्री माझ्याकडं वळून झोपतो. मी नाही पाठवणार. नोकरी गेली तरी नाही पाठवणार.

आबा : आन् नोकरी गेल्यावर खोलीचं भाडं काय पोर भरनार का?

तेजश्री : म्हणून तर म्हणते ना, त्याची शी झाली पाहिजे! आज. इथं. माझ्या घरात. मग तो इथंच राहील अन् मी पण कामावर जाईन. दुसरं काही मागत नाही मी कुणाकडं. अन् तुम्ही नुसतं पाण्याचं अन् खुर्चीचं सांगताय. ए संघू, काय रे? काय पाहिजे? पिशवी?

आबा : नको, नको. पिशवीला हात लावू नको, बाळा.

तेजश्री : तुम्ही आल्यापासनं पिशवीखाली उभा आहे बघा. एवढी वर का टांगलीत खुंटीला?

आबा : औषिधं हायत माझी.

तेजश्री : औषधं बघून पोरगं नाचत नाही, आबा. काय आणलंय?

आबा : केळी हायत.

तेजश्री : तीन दिवस तटलेल्या पोराला केळी? द्या इकडं. हे काय? काठी कसली? आबा, हा तुमचा रेल्वेच्या गेटवरचा झेंडा आहे.

आबा : आसंल. गुंडाळ, गुंडाळ त्यो.

तेजश्री : रिटायर होऊन सहा वर्षं झाली, अन् झेंडा घेऊन हिंडताय? अहो… आबा, संघूकडं बघा. कुठं चालला? चड्डी काढतोय! आपली आपण काढतोय! बसला! आबा, खुर्चीवर बसला तो! तीन दिवस किंचाळत होता अन्… अरे माझ्या राजा! हं, कर, कर सोन्या. कर की. करत का नाहीये? तुमच्याकडं काय बघतोय नुसता?

आबा : दावू का?

तेजश्री : काय दावू का?

आबा : झेंडा. दावला की करंल त्यो.

तेजश्री : म्हणजे?

आबा : हिरवं म्हंजी ह्ये गं.

तेजश्री : मला नीट सांगा. मला काही कळत नाहीये.

आबा : तुझी आई चांगली व्हती तवा पायावर बसवायची त्येला. पाय लांब करायची, दोन पावलांच्या मधी पोर, तोंडानं सूऽऽ केलं की झालं काम. तुमी सगळी तशीच शिकलात. तिच्या गुडघ्यांचं आप्रेशन झालं आन् ही ड्युटी माझ्यावर आली. मला कुठं येतंय त्ये? चार लेकरं झाली आमाला, एकाचं ढुंगान धुतलं न्हाई मी कवा. पयल्या दिशी मांडीवर बसिवला, तर लुंगीवर केली. दुसऱ्या दिशी मोरीत बसिवला, तर उठून पळाला आन् तुळशीच्या डब्यात केली. मग म्हनलं, आपल्याला येतंय त्येच करावं. त्येला म्हनलं, ही गाडी. गाडी उभी हाय. हिरवं दावल्याबिगार गाडी हालत न्हाई. दावू का? त्यो म्हनला, दाव. दावला, आन् गाडी सुटली की! तवापून एक दिस चुकली न्हाई बघ. तुझ्या आईला सुदिक नवल वाटलं.

तेजश्री : अन् लाल?

आबा : आँ?

तेजश्री : गेटवर दोन झेंडे असतात. लहानपणी मीच धुवायची ते. लाल पण दाखवायचा का तुम्ही त्याला?

आबा : कवामवा. मी जेवत असलो, कोन पाव्हनं आलं, तर लाल धरायचो. थांबायचा बिचारा. लई शहानं लेकरू हाय, तेजू. अर्धा अर्धा तास थांबायचा.

तेजश्री : तुम्ही धरायला शिकवलंत त्याला.

आबा : न्हाई गं, खेळ व्हता.

तेजश्री : तो बघा तिथं बसलाय. घामानं डबडबलाय. पोट फुटायला आलंय, अन् तुमच्या हाताकडं बघतोय. हा खेळ आहे?

सतीश : काय चाललंय? एवढा आवाज कशाला? जयभीम मामा, कधी आलात? अरे! संघ्या खुर्चीवर? कोई मेरेको बताया क्यूँ नही? बसला ना शेवटी! सांगत होतो, रंगाचाच प्रॉब्लेम होता.

तेजश्री : रंगाचा नाही. आबांनी त्याला झेंडा दाखवून हागायला शिकवलंय. हिरवा दिसल्याशिवाय तो करत नाही.

सतीश : हिरवा झेंडा? रेल्वेचा? हॅ हॅ… अरे बापरे. मामा, तुम्ही म्हणजे… हॅ हॅ हॅ! अन् मी इकडं ऑइल पेंट मारत बसलो!

तेजश्री : हसू नका!

सतीश : अगं, पण मग दाखवा की! बसलाय तो. मामा, दाखवा झेंडा. दोन मिनटात विषय संपतो. उद्या तू ड्युटीला, तो कृपाताईकडं, मी परत झोपायला.

आबा : मी बी त्येच म्हनतोय.

तेजश्री : नाही दाखवायचा. द्या तो इकडं, काखेत धरते मी.

सतीश : तेजू, यार, पोरगं तीन दिवस तटलंय.

तेजश्री : मला दिसत नाही का? पण आज दाखवला तर उद्या काय? कृपाताईंना देऊ का झेंडा? परवा बालवाडीत बाईंना? लग्न झाल्यावर ह्याच्या बायकोला?

सतीश : आजच्या दिवस दाखवू. उद्यापासून बंद करू. लहान पोरं विसरतात.

तेजश्री : नाही विसरत. मी विसरले का? तुम्हाला माहितीय ना आमच्या लाईनवर काय असतं ते. मशीनवर बटण. लागली की दाबायचं, डोक्यावर पिवळा दिवा लागतो. सगळी लाईन बघते, हिला लागलीय. मग लीडर येणार. जागेवर उभी राहायला रिलीव्हर असली तर जा, नसली तर थांब. "मघाशी गेली होतीस ना?" बावीस वर्षांचं पोरगं आहे ते, अन् मला विचारतं, मघाशी गेली होतीस ना. म्हणून मी पाणीच पीत नाही सकाळपासनं. डॉक्टर म्हणते पाणी पी, लघवीला जळजळ न पिण्यानंच होतेय. पाणी प्यायलं की दिवा लावावा लागतो!

सतीश : परत जळजळ होतेय तुला? मला बोलली नाहीस.

तेजश्री : काय बोलू? तुमच्या वेल्डिंगनं होतंय का ते बरं? अन् त्याच्याआधी दौंडात, गेटच्या खोलीवर राहायचो तेव्हा. आम्ही पोरी अन् आई, अंधार पडायची वाट बघायचो. दिवसा पोटात कळ आली की आई म्हणायची, दम धर. एवढं एकच शिकत आले मी. दम धर. आता माझं पोरगं. त्याच्याजवळ आहे काय सांगा? पैसा नाही, जमीन नाही, बापाची नोकरी कंत्राटी. स्वतःचं पोट तेवढं आहे. त्यालाही दुसऱ्यानं सांगायचं का, आता कर, आता नको?

आबा : तू मला असं बोलू नको, तेजू.

तेजश्री : का नको?

आबा : मला हौस व्हती का? बारा तास गेटवर एकटा मानूस. गाडीचा फोन कवा यील त्येचा नेम न्हाई. गेट सोडून झाडामागं गेलो एकदा, पोट बिघडलं व्हतं म्हनून. नेमकी रुळावरनं सायबाची ट्रॉली आली. चार्जशीट दिली मला. इन्क्रीमेंट बंद. तवापून केबिनीत डबा ठेवला व्हता. आन् एकदा त्ये बी जमलं न्हाई. मेल यायलीय, मी झेंडा धरून उभा, आन् खाली पँट वली झाली. डायवरनं हात केला. मी बी ऐटीत झेंडा दावला. त्येला वरनं काय दिसनार?

तेजश्री : हे तुम्ही कधी सांगितलं नाही.

आबा : काय सांगायचं? लेकीला सांगायचं, बाप पँटीत मुतला म्हनून?

सतीश : मामा, बसा तुम्ही. खाली बसा.

तेजश्री : मग आबा, एवढं सोसलंत तुम्ही. तुम्हाला नाही वाटलं, नातवाला तरी ह्या झेंड्यातनं सोडवावं?

आबा : मला काय वाटलं, मलाच ठाव न्हाई. त्यो हसायचा, मी हसायचो. आख्ख्या जन्मात त्या झेंड्याकडं बघून कोनी हसलं नव्हतं. डायवर लोक बघायचे आन् जायचे.

सतीश : हे काय, मला आता दोघांचंही पटायला लागलं. काय करायचं सांगा ना कुणीतरी.

तेजश्री : आबा, एक खरं सांगा. फोनवर मी विचारलं तेव्हा आठवत होतं ना तुम्हाला, हिरवं म्हणजे काय ते?

आबा : मानूस इसरतं.

तेजश्री : विसरलेला माणूस झेंडा पिशवीत घालून आणत नाही.

आबा : आठवत व्हतं.

तेजश्री : मग?

आबा : मग काय? तिथं तुझी आई पलंगावर, मी खुर्चीत. दोघांनी दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडं किती बघायचं? म्हनलं, हिथं न्हाई जमलं पोराला तर तूच म्हनशील, आबा न्या. तिथं नेऊन झेंडा दावला असता, मोकळं झालं असतं. कुनाचं काय जात व्हतं?

तेजश्री : पोट त्याचं फुगत होतं, आबा.

आबा : एवढं फुगंल असं न्हाई वाटलं मला. आईशप्पथ न्हाई वाटलं. म्हनून तर आज झेंडा घेऊनच निघालो.

सतीश : बरं, एक मिनट. मला एक आयडिया आलीय. बघा पटतंय का. झेंडा त्याच्याच हातात द्यायचा. त्याचं तोच गार्ड. वाटलं की आपला आपण दाखवायचा अन् करायची. सापही मरतो अन् काठीही तुटत नाही, असं काहीतरी.

तेजश्री : म्हणजे झेंडा राहणारच.

सतीश : पण हात त्याचा. मालक तोच.

आबा : गार्डाला बी आपल्या मनानं गाडी सोडता येत न्हाई, सतीशराव. सिंगल लागतो.

सतीश : मामा, मी मार्ग काढतोय आणि तुम्ही नियम काढताय!

तेजश्री : थांबा दोघं. त्याच्या हातात दिला तर… मला नाही कळत बरोबर का चूक. आधी त्यालाच विचारू. संघू, हे बघ, झेंडा तुझ्या हातात… संघू? कुठं गेला?

सतीश : खुर्चीवर होता की.

तेजश्री : खुर्ची रिकामी आहे. डबा कोरडा आहे.

आबा : दार उघडं हाय! रस्त्यावर ट्रका पळत्यात, आधी बाहेर बघा!

सतीश : बाहेर नाही. थांबा, दाराच्या मागं पाय दिसतायत. संघ्या? काय करतोस रे अंधारात? अरे… अरे ए! अगं तेजू! माझा सेफ्टी शू!

तेजश्री : काय झालं?

सतीश : बुटात केली! माझ्या कंपनीच्या बुटात! बरोब्बर मधोमध!

तेजश्री : झाली?

सतीश : झाली म्हणजे? बूट भरलाय!

आबा : झाली! शाब्बास रं माझ्या…

तेजश्री : गप्प बसा, आबा. कुणी शाबास म्हणू नका. आणि तुम्ही ओरडू नका.

सतीश : ओरडू नको? रात्री ड्युटीला काय घालून जाऊ मी? बिना शूजचा गेटच्या आत घेत नाहीत.

तेजश्री : अनसाबाईंच्या पोराचे मागा. त्याची दिवसपाळी आहे. पण तोंड नीट करा आधी. बघा, कसा बघतोय तिघांकडं. कोण काय म्हणतंय म्हणून बघतोय. कुणी काही म्हणायचं नाही. ये रे, ये बाळा. झाली? बरं झालं. चल, धुऊ.

सतीश : मला एक कळत नाही. झेंडा तर हिच्या काखेत होता, गुंडाळलेला. मग त्यानं केली कशी?

आबा : मी बोलताना हात हालिवला असंल.

सतीश : नुसत्या हातानं? का मी ओरडलो म्हणून? की औषधानं?

आबा : का आपुन तिघं बी भांडत व्हतो, त्येच्याकडं कोनाचंच ध्यान नव्हतं म्हनून?

सतीश : पण बूटच का, मामा? एवढी खुर्ची बनवली.

आबा : त्ये त्येलाच ठावं. न्हाईतर त्येला बी ठावं नसंल.

तेजश्री : अहो, टॉवेल द्या. अन् माझा फोन द्या इकडं. माझा हात ओला आहे, कानाला धरा… कृपाताई, मी तेजश्री. झाली… हो, आत्ताच, भरपूर. पोट मऊ आहे… नाही, भांड्यात नाही. बुटात… बुटात हो, ह्यांच्या. कसं काय ते विचारू नका, आम्हालाच कळलं नाही… उद्या आणते सकाळी. जादाच्या चड्ड्या देते बरोबर. कुठंही केली तरी पुसून घ्या तेवढं. अन् हिरवं म्हणाला तर त्याला काही देऊ नका. म्हणायचं, तुला लागली ना, तुझं तू जा… हो. तुमचा येशू पावला म्हणा, कुणी का पावेना. ठेवते.

सतीश : घेणार म्हणाल्या?

तेजश्री : घेणार. पुढं परत धरली तर बघू म्हणाल्या.

सतीश : धरणार नाही कशावरनं?

तेजश्री : नाही सांगता येत. पण उद्या तो कृपाताईकडं अन् मी कामावर. संध्याकाळी इथं, ह्या खोलीत. एवढं झालं.

आबा : मग आता मी काय करू?

तेजश्री : चहा घ्या. मघाशी राहिला तुमचा. जेवून जा. अन् आईला सांगा, येत्या सुट्टीला आम्ही तिघं येतो. झेंडा मात्र माझ्याकडं राहू द्या.

आबा : ठेव. मला तरी आता कशाला लागतोय त्यो? संघू झोपला की निघतो मी.

तेजश्री : झोपल्यावर नको. जागा असताना निघा. आबा चालले, असं त्याला सांगून निघा.

आबा : रडू यील गं.

तेजश्री : येऊ दे की. रडेल थोडा वेळ, मी घेईन जवळ.

आबा : त्येचं कुठं म्हनतोय मी?